‘मोबाइल’ नावाची वाफेची मोटार : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत वाफेवर चालणाऱ्या जुन्या मोटारींविषयीचे प्रश्न बरेच आहेत. त्यांतले अमेरिकेतील ‘मोबाइल’ कंपनी आणि तिची सख्खी प्रतिस्पर्धी ‘लोकोमोबाइल’ यांच्यासंबंधीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांत गॅलन म्हणजे अमेरिकी गॅलन, सुमारे ३.८ लिटर. दाबाचे पाउंड हे दर चौरस इंचाचे समजावेत.

प्रश्न : ‘मोबाइल’ नावाची मोटार कंपनी होती असे वाचले. हे खरे आहे का? ती कोणी काढली आणि इतक्या लवकर का बुडाली? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड)

होय. पूर्ण नाव ‘मोबाइल कंपनी ऑफ अमेरिका’. कारखाना न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी, टॅरीटाउनजवळ. स्थापना १८९९ची, शेवट १९०३चा. एवढ्या काळात सुमारे ६०० गाड्या तयार झाल्या.

गाडीची मूळ रचना मात्र या कंपनीची नव्हती. ती स्टॅन्ली बंधूंची. फ्रान्सिस एडगर आणि फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ली हे जुळे भाऊ, जन्म १८४९, मेन राज्यातल्या किंगफील्डचे. त्यांचा मूळ धंदा फोटोग्राफीच्या कोरड्या काचांचा, म्हणजे फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या काचांचा, होता आणि तो उत्तम चालला होता. १८९७ मध्ये त्यांनी हौसेने पहिली वाफेची गाडी केली. नोव्हेंबर १८९८ मध्ये बॉस्टनशेजारी केंब्रिजच्या सायकल-शर्यतीच्या मैदानावर त्यांनी ती लोकांसमोर पळवली आणि मुद्दाम बांधलेल्या खड्या उतरणीवर चढवून दाखवली. लगेच दोनशेच्या आसपास मागण्या आल्या. भावांनी शंभर गाड्यांची तयारी सुरू केली.

इथे जॉन ब्रिस्बेन वॉकर येतात. ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिक त्यांनी १८८९ मध्ये विकत घेतले होते. मोटारींचे त्यांना इतके वेड होते की मे १८९६ मध्ये या मासिकातर्फे त्यांनी न्यूयॉर्क ते अर्विंग्टन अशी मोटारींची शर्यतही भरवली. १८९९ मध्ये ते स्टॅन्लींकडे धंदा विकत मागायला गेले. भावांना विकायचा नव्हता, म्हणून त्यांनी अडीच लाख डॉलर ही नकार यावा अशी किंमत सांगितली. वॉकर यांनी ती कबूल केली. पैसा उभा करायला त्यांनी अॅम्झी बार्बर यांना निम्म्या भागीदारीत घेतले. बार्बर हे डांबरी रस्त्यांच्या ठेक्यांवर श्रीमंत झालेले गृहस्थ होते.

भागीदारी काही आठवडेच टिकली आणि वाटणी झाली. स्टॅन्लींचा चालू कारखाना बार्बर यांच्याकडे राहिला आणि त्यांच्या कंपनीचे नाव ‘लोकोमोबाइल’ पडले. वॉकर यांच्या वाट्याला तीच गाडी बनवण्याचा हक्क आणि टॅरीटाउनची मोकळी जागा आली. तिथे त्यांनी स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुशिल्पीकडून नवा कारखाना बांधून घेतला. १९०० साली त्यांची गाडी बाजारात आली तेव्हा लोकोमोबाइल केव्हाच विकली जात होती. गाडी एकच, नावे दोन, आणि एक दुकान दुसऱ्याच्या वर्षभर आधी उघडलेले. वॉकर यांनी वेगवेगळ्या बांधणीच्या बॉड्या देऊन वेगळेपण दाखवायचा प्रयत्न केला, पण बॉडीखालचे यंत्र तेच राहिले आणि त्याच्या अडचणीही त्याच राहिल्या.

आमच्या मते खरी चूक वाटणीच्याही आधीची आहे. ही गाडी अर्धवट वयात विकली गेली. तिला निदान दोन वर्षे भावांच्या हाताखाली राहायला हवे होते. पुढच्या उत्तरांत ज्या अडचणी येतील त्यांतल्या बहुतेकांवर स्टॅन्लींनी स्वतःच नंतर उपाय शोधले.

प्रश्न : त्या काळी तिची किंमत किती होती? (वाचक, नांदेड)

लोकोमोबाइलची सुरुवातीची किंमत ६०० डॉलर, ती लवकरच ७५० झाली. तेव्हा पौंडाला १५ रुपये असा दर होता. त्या हिशेबाने ६०० डॉलर म्हणजे साधारण १,८५० रुपये.

प्रश्न : या गाडीच्या बॉयलरची रचना कशी होती? सीटखाली बॉयलर ठेवून माणसे निर्धास्त बसत कशी? (निवृत्त बॉयलर अटेंडंट, श्रीरामपूर)

घरोघरी असलेला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणा. मधोमध एक नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. आता त्या एका नळीऐवजी अर्ध्या इंचाच्या २९८ तांब्याच्या नळ्या उभ्या लावल्या आणि विस्तव सगळ्यांच्या खाली पेट्रोलच्या एका सपाट बर्नरवर ठेवला, की झाला स्टॅन्लींचा बॉयलर. व्यास १४ इंच, उंचीही जवळपास तेवढीच. आकाराने पाण्याच्या हंड्याएवढा.

एवढ्याशा भांड्यातून गाडी चालेल इतकी वाफ कशी निघते, ते हिशेबाने पाहा. एका नळीचा बाहेरचा पृष्ठभाग २२ चौरस इंच. गुणिले २९८, म्हणजे साडेसहा हजार चौरस इंचांहून थोडा जास्त, सुमारे ४५ चौरस फूट. एका छोट्या खोलीच्या भिंतीएवढी तापणारी जागा सीटखाली दुमडून ठेवली आहे. याच कारणाने दाब भराभर चढतो.

त्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. नळ्यांनी आतली इतकी जागा खाल्ली आहे की पाण्याला जेमतेम २२ लिटर उरते. त्यात वाफेसाठी वरचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवायचा, म्हणजे प्रत्यक्ष पाणी १४-१५ लिटर. गाडीला मैलाला सुमारे एक गॅलन पाणी लागते. तेव्हा पाण्याचा पंप बंद पडला आणि चालकाच्या लक्षात आले नाही, तर चार मैलांच्या आत बॉयलर कोरडा. ताशी १५ मैलांच्या वेगाने हा अवधी पाव तासाचा आहे. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे तो पुन्हा लागेल.

स्फोटाविषयी. बॉयलरच्या कवचाभोवती पियानोच्या तारेचे घट्ट वेढे, एकावर एक थरांनी, गुंडाळलेले असत. पियानोची तार ओढीला अतिशय चिवट असते. त्यामुळे पातळ कवच दाबाने फुगू पाहत असले तरी तार त्याला आवळून धरते. कामाचा दाब १५० ते १८० पाउंड, त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा. पाणी संपले तर कवच फाटण्याच्या कितीतरी आधी नळ्यांची तोंडे ढिली होतात, वाफ व पाणी खाली बर्नरवर गळते आणि आग विझते. बॉयलर निकामी होतो, पण माणूस वाचतो. या गाडीत खरी भीती होती ती पेट्रोलच्या आगीची.

नळ्यांची तोंडे वरच्या आणि खालच्या पत्र्यात फुगवून बसवलेली असतात, डाख नसतो. २९८ नळ्या, म्हणजे ५९६ सांधे. ढिला झालेला सांधा निमुळती सळई हलक्या हाताने ठोकून पुन्हा फुगवता येतो. आपल्यासारख्या जाणकाराला सांगायला नको की एक तोंड जोरात ठोकले की शेजारची दोन सैल होतात. म्हणून एका जागी ठोकत न बसता मधून कडेकडे थोडे थोडे जायचे. एकदा पाण्याविना तापलेला बॉयलर अशा दुरुस्तीने काही दिवस चालतो. तांबे नरम पडलेले असते, पकड पुन्हा पूर्वीसारखी राहत नाही.

प्रश्न : पेट्रोल जाळून पाणी उकळायचे आणि त्या वाफेवर गाडी चालवायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? सरळ पेट्रोलचे इंजिनच का नाही लावले? (शिक्षिका, रत्नागिरी)

१८९९ चे पेट्रोल इंजिन डोळ्यांसमोर आणले तर उत्तर सापडते. बहुतेक एकाच सिलिंडरचे, उभे असताना सगळी गाडी खडखडवणारे, हँडल मारून सुरू करायचे, आणि ते उलटले तर मनगट मोडणारे. ठिणगीची व्यवस्था बेभरवशाची. गीअर बदलताना दाते एकमेकांवर आपटत.

वाफेच्या इंजिनात यातले काहीच नव्हते. मोबाइल आणि लोकोमोबाइलमध्ये दोन उभे सिलिंडर होते, व्यास अडीच इंच, दट्ट्याची धाव चार इंच. वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून एका फेऱ्यात चार धक्के मिळतात आणि गाडी लोण्यावरून सरकल्यासारखी निघते. अडीच इंच व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४.९ चौरस इंच. १५० पाउंड दाबाला त्यावर ७३६ पाउंड, म्हणजे ३३० किलोंहून अधिक जोर येतो, आणि हा जोर इंजिन जागेवर उभे असतानाही मिळतो. पेट्रोल इंजिन फिरल्याशिवाय जोर देत नाही, म्हणून त्याला क्लच आणि गीअर लागतात. वाफेला दोन्ही लागत नाहीत. एक लीव्हर वाफ सोडायचा, दुसरा पुढे-मागे करायचा, पायाखाली ब्रेक, आणि वळवायला चाकाऐवजी नावेच्या सुकाणूसारखा दांडा.

ऑगस्ट १८९९ मध्ये फ्रीलन स्टॅन्ली पत्नी फ्लोरा यांना शेजारी बसवून न्यू हॅम्पशरमधला माउंट वॉशिंग्टन चढून गेले. वाट साडेसात मैलांची, शिखर ६,२८८ फूट, वेळ २ तास १० मिनिटे. मोटार त्या शिखरावर तोवर कधीच गेलेली नव्हती. वाफेच्या जोराविषयी त्यानंतर कोणी शंका काढण्याचे कारण उरले नाही.

प्रश्न : थंड गाडी सुरू करायला नेमके काय काय करावे लागे? क्रमाने सांगाल का? (जुन्या यंत्रांचे हौशी, पुणे)

पंपाचा स्टोव्ह ज्याने पेटवला आहे त्याला यातले अर्धे आधीच येते.

आधी पाणी. बॉयलरच्या पाण्याची काच, म्हणजे आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, पाहायची. पाणी काचेच्या दोन तृतीयांशापर्यंत हवे. काचेवर एकट्या भरवसा ठेवायचा नाही. तिची भोके खाराने किंवा गाळाने बुजली की काच जुनेच पाणी दाखवत राहते. खालची चावी उघडून काच रिकामी करायची आणि पाणी झटकन पुन्हा चढते का ते पाहायचे. मग मागची मोठी टाकी भरायची. ही टाकी घोड्याच्या नालेच्या आकाराची, बॉयलरला तीन बाजूंनी वेढणारी. पाणी गाळूनच भरायचे. याचे कारण पुढे येईल.

नंतर पेट्रोल. पायाखालच्या टाकीत सुमारे तीन गॅलन पेट्रोल असते. हातपंपाने तिच्यात हवा भरायची, ३५ ते ४० पाउंडांपर्यंत. टाकीच्या जोडांवरून बोट फिरवून ओल लागते का ते आताच पाहायचे. आग पेटल्यावर पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

आता तापवणी. स्टोव्हचे बर्नर आपण आधी काकड्याने तापवतो, कारण द्रव इंधन थेट सोडले तर स्टोव्ह भडकतो. इथेही तेच. सुरुवातीच्या गाड्यांबरोबर लोखंडाची एक वाकडी पोकळ नळी मिळे. ती घरातल्या चुलीत लाल होईपर्यंत ठेवायची, चिमट्याने धरून आणायची, बर्नरच्या वाटेत बसवायची आणि पेट्रोल तिच्यातून सोडायचे. तापलेल्या लोखंडातून जाताना पेट्रोलची वाफ होते, मग काडी लावायची. ज्योत निळी आणि सारखी हवी. पिवळी, उड्या मारणारी ज्योत म्हणजे लोखंड पुरेसे तापलेले नाही. तेव्हा ताबडतोब बंद करून साचलेले पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचे आणि लोखंड पुन्हा चुलीत. इथे घाई करणाऱ्यांनीच गाड्या जाळल्या.

बर्नर काही मिनिटे नीट चालला की पेट्रोलची कायमची नळी, जी बॉयलरमधूनच फिरवलेली असते, ती तापते. मग सुरुवातीची वाट बंद करून मुख्य वाट उघडायची. यापुढे दाबाचा नियंत्रक आपोआप काम करतो. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की एक पातळ पडदा फुगून पेट्रोल कमी करतो, दाब उतरला की पुन्हा वाढवतो.

वाफ चढेपर्यंत इंजिनाला तेल द्यायचे. सिलिंडरसाठी जाडच तेल हवे, कारण १५० पाउंड दाबाची वाफ १८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते आणि पातळ तेल ती धुऊन नेते.

दाब आला म्हणून लीव्हर ओढून निघायचे नाही. सिलिंडर गार आहेत, पहिली वाफ त्यांत शिरताच पाणी होते, आणि पाणी दाबले जात नाही. वाफ किंचित सोडून गाडी हातभर पुढे, हातभर मागे अशी दहा-बारा वेळा हलवायची. धुरांड्याच्या बाजूने थुंकल्यासारखे पाणी येणे थांबले आणि आवाज मोकळा झाला की निघायचे.

सगळे मिळून २० ते ३० मिनिटे. सकाळी दवाखान्यात जायच्या घाईत असलेल्या डॉक्टरला ही फार झाली. आणि मोटारीचे पहिले गिऱ्हाईक पुष्कळदा डॉक्टरच असे.

प्रश्न : वाटेत सर्वांत जास्त काय बिघडे? (गॅरेजचालक, कोल्हापूर)

पाण्याचा पंप. तो इंजिनाच्याच हालत्या भागाला जोडलेला असतो, म्हणून गाडी चालू असेपर्यंतच पाणी भरतो. त्याच्या झडपांमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी झडप पूर्ण मिटत नाही, बॉयलरमधले गरम पाणी उलट येते, पंप तापतो आणि त्यात वाफ साचते. मग पंपाचा दांडा हलत राहतो, पाणी मात्र एक थेंब पुढे जात नाही. आवाजात काहीच फरक पडत नसल्याने चालकाला पत्ता लागत नाही. लक्षण हाताने कळते. पंपानंतरची नळी चालू स्थितीत कोमट असते. ती हात ठेववेनाशी गरम झाली की झडप गळते आहे असे समजावे. उपाय म्हणजे पंपावर गार पाण्याचे फडके, आणि ते न चालले तर झडप उघडून साफ करणे. पाणी गाळून भरायचे ते यासाठी.

चालकाला पाण्याची काच सतत दिसावी म्हणून जी सोय केली होती ती पाहण्याजोगी आहे. काच मागे, बॉडीच्या बाजूला. चालकाचे तोंड पुढे. म्हणून पुढच्या फळीवर एक छोटा आरसा बसवलेला असे आणि त्यात काचेचे प्रतिबिंब पाहत गाडी हाकायची. अंधारात काचेजवळ दिवा. खडबडीत रस्त्यावर पाणी वर-खाली उसळते, आरसा थरथरतो, धुळीने मळतो, आणि बॉयलरमध्ये पाणी आहे चार मैलांचे. नवख्याने बॉयलर जाळला तर दोष त्याचा म्हणावा की रचनेचा? आमचे मत रचनेच्या विरुद्ध आहे. रेल्वेच्या इंजिनावर हे काम पाहायला वेगळा फायरमन असतो. इथे तोच माणूस रस्ता, घोडे, दाबाचा काटा, इंधनाचा काटा आणि आरसा पाहणार.

काचेत पाणी दिसेनासे झाले तर एकच नियम : बर्नर बंद करा, उतरा, गार होऊ द्या. तापलेल्या नळ्यांवर पंपाने गार पाणी सोडले की सगळे सांधे एकदम आकसतात आणि पाचशे शहाण्णवांपैकी किती शिल्लक राहतील ते सांगता येत नाही.

गाडी उभी असताना पाणी कमी पडले तर मागचे चाक जॅकवर उचलून इंजिन रिकामे फिरवायचे, म्हणजे पंप चालतो. नंतरच्या गाड्यांना वेगळा हातपंप आला. वाफेच्या जोराने ओढ्यातले पाणी टाकीत खेचून घेणारी नळीही मिळू लागली, आणि ही सोय खरोखर उपयोगाची होती, कारण टाकी २० मैलांत रिकामी होई.

दुसरे दुखणे बर्नरचे. ज्योत जाळीवर जळायची सोडून मागे मिश्रणाच्या नळीत शिरते आणि गाडी घुरघुरू लागते. कारणे तीन : टाकीतला हवेचा दाब उतरलेला, तोटीचे भोक अर्धे बुजलेले, किंवा बर्नरचा पत्रा उष्णतेने वाकून त्याला चीर गेलेली. पहिल्याला पंप मारा, दुसऱ्याला स्टोव्हसारखी पिन मारा, तिसऱ्याला नवा पत्रा. तिन्ही बाबतींत आधी इंधन बंद करून नळी गार होऊ द्यायची. जोराचा वारा बाजूने आला तर आग विझते आणि पुन्हा पेटवायला लाल लोखंड हवे. रानात चूल कुठून आणणार? म्हणून पुढे लोक बरोबर ज्योतीची छोटी टॉर्च (ब्लोलँप) ठेवू लागले.

साखळीविषयी एक ओळ. इंजिन आणि मागचा आस यांच्यामध्ये लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा असतो. साखळी ताणली की तो फिरवून लांब करायचा. फार ताणू नका, स्प्रिंगा दबल्या की साखळी आणखी आवळते.

प्रश्न : चढ आला की काय करायचे? (वाचक, महाबळेश्वर)

चढाच्या आधी, सपाटीवरच, पाणी काचेत नेहमीपेक्षा थोडे वर घ्यायचे आणि दाब पूर्ण चढू द्यायचा. चढ लागला की पंपाची वळणवाट उघडायची, म्हणजे पंपाचे पाणी बॉयलरमध्ये न जाता टाकीत परतते. चढावर गार पाणी आत सोडले तर ऐन गरजेला दाब पडतो. माथ्यावर पोचताच वळणवाट बंद करून पाणी पुन्हा वर आणायचे. चढ लांब असेल तर मध्ये थांबून दाब करून घेण्यात कमीपणा नाही, पण काचेवरची नजर हलवायची नाही.

प्रश्न : रड्यर्ड किपलिंगकडे अशी गाडी होती का? (वाचक, मुंबई)

होती, लोकोमोबाइल. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या या लेखकाने इंग्लंडमध्ये ससेक्सला राहत असताना ती घेतली. गाडीच्या रूपावर ते खूश होते, तिच्या वागण्यावर अजिबात नाही. पुढे त्यांनी पेट्रोलवरची लँचेस्टर घेतली. त्या काळी अनेकांनी हाच मार्ग धरला.

प्रश्न : जुन्या छायाचित्रात गाडी मोबाइल आहे, लोकोमोबाइल आहे की स्टॅन्ली, हे कसे ओळखावे? (संग्राहक, नाशिक)

मोबाइल आणि लोकोमोबाइल यांत फरक करायला कंपनीची पट्टी वाचता आली पाहिजे. ती दिसत नसेल तर साध्या दोनआसनी गाडीच्या बाबतीत निश्चित विधान करू नये. दोघींचा साचा एकच. स्टॅन्लीचे १९०१ नंतरचे मॉडेल मात्र ओळखता येते. धंद्यात परतताना भावांनी विकलेल्या हक्कांना धक्का लागू नये म्हणून रचनाच बदलली : उभे इंजिन आडवे केले आणि साखळी काढून ते दातेरी चाकाने थेट मागच्या आसाला जोडले. तेव्हा छायाचित्रात गाडीच्या पोटाखाली, मध्यावर साखळी दिसली तर ती मोबाइल किंवा लोकोमोबाइल किंवा त्यांची एखादी नक्कल. साखळी नसेल आणि इंजिन आसाला लगटून असेल तर स्टॅन्ली.

गंमत पाहा, सक्तीने केलेला हा बदलच सरस ठरला. ताणणारी साखळी गेली, आवाज कमी झाला, आणि या बांधणीवर स्टॅन्ली कंपनी पुढे वीस वर्षांहून अधिक चालली.

प्रश्न : मोबाइल बंद पडल्यावर कारखान्याचे आणि मंडळींचे काय झाले? (विद्यार्थी, कराड, त्याच पत्रातील दुसरा प्रश्न)

१९०१ पासून ओल्ड्स या अमेरिकी कंपनीची पेट्रोलवरची छोटी गाडी ६५० डॉलरना मिळू लागली. तिला पाणी मैलोगणिक लागत नव्हते, चूल पेटवावी लागत नव्हती. १९०२ मध्ये तिच्या २,५०० गाड्या झाल्या. एकीकडे ही, दुसरीकडे लोकोमोबाइल, तिसरीकडे परतलेले स्टॅन्ली; टॅरीटाउनला जागा उरली नाही. १९०३ मध्ये काम थांबले. इमारत मॅक्सवेल-ब्रिस्को या पेट्रोल-मोटार कंपनीने घेतली, नंतर ती जागा शेव्हरोलेकडे आणि जनरल मोटर्सकडे गेली. तिथे १९९६ पर्यंत मोटारी बनत होत्या. म्हणजे वॉकर यांनी गाडी चुकीची निवडली असेल, जागा मुळीच चुकीची निवडली नव्हती.

वॉकर यांनी १९०५ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना विकले आणि कोलोरॅडोत डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्स या तांबड्या खडकांच्या परिसराच्या विकासात लक्ष घातले. लोकोमोबाइलने चार हजारांहून अधिक वाफेच्या गाड्या विकल्या, मग अँड्र्यू रायकर या अभियंत्याच्या हाती सूत्रे देऊन पेट्रोलकडे वळली. तिच्या ‘१६ क्रमांका’च्या गाडीने १९०८ ची व्हँडरबिल्ट करंडक शर्यत जिंकली. ही कंपनी १९२९ पर्यंत टिकली, पण महागड्या पेट्रोल गाड्यांची म्हणून.

प्रश्न : अशी गाडी आज चालताना पाहायला मिळते का? (वाचक, ठाणे)

लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची फेरी दर नोव्हेंबरात निघते. १९०४ अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच तिच्यात प्रवेश असतो आणि वाफेच्या लोकोमोबाइल तिच्यात हमखास दिसतात. पाहायला जाणार असाल तर फेरी निघण्याच्या बऱ्याच आधी, पहाटेच पोचा. पेटवणी तेव्हाच चालते. स्टॅन्ली बंधूंवरचे संग्रहालय त्यांच्या गावी, किंगफील्डला आहे.

प्रश्न : गाडी बंद करताना काही विशेष काळजी घ्यावी लागे का? (जुन्या यंत्रांचे हौशी, पुणे)

लागे, आणि पुष्कळांनी न घेतल्याने नुकसान झाले. बर्नर बंद करा, पेट्रोलच्या टाकीतली हवा सोडून द्या. दाब थोडा उतरला की खालची चावी उघडून बॉयलरमधले पाणी जोराने बाहेर काढा, म्हणजे सुटा गाळ आणि खार त्याबरोबर निघून जातो. आग पूर्ण विझल्याची खात्री केल्याशिवाय ही चावी उघडू नये.

पाणी न काढता गाडी तशीच ठेवली तर रात्री वेगळेच घडते. आतली वाफ गार होऊन पाणी होते, बॉयलरमध्ये पोकळी तयार होते, आणि ती टाकीतले पाणी पंपाच्या झडपांमधून आपोआप आत ओढते. सकाळी बॉयलर गळ्यापर्यंत भरलेला असतो. काच वरपर्यंत भरलेली पाहून नवखा माणूस खूश होतो आणि आग लावतो. वाफेला जागाच नसल्याने पहिल्या धक्क्याला उकळते पाणी सिलिंडरमध्ये शिरते आणि सिलिंडरचे झाकण फुटते. म्हणून सकाळी काच काठोकाठ दिसली तर आधी चावी उघडून पाणी दोन तृतीयांशावर आणायचे, आणि मगच लोखंड चुलीत घालायचे.